फुटपाथवाले नाना

पुण्याच्या पेठेत प्रत्येक आळीला एक नाना असतात. आमच्या नानांच्या एका खिशात मोजायची टेप असते आणि दुसऱ्यात खडू.

लोक भेटल्यावर तब्येत विचारतात. नाना विचारतात, "तुमच्या दारापुढच्या फुटपाथचा कर्ब किती उंच?" उत्तराची वाट न पाहता तेच सांगतात, "नऊ इंच! इंडियन रोड्स काँग्रेस म्हणते दीडशे मिलिमीटरच्या वर नको. म्हणजे सहा इंच. उरलेल्या तीन इंचांना काय शिडी लावू?" चालायला मोकळी जागा किमान 1.8 मीटर हवी, हेही त्यांना पाठ. मग टेप उलगडते. विजेचा डीपी वजा, झाडाचा पार वजा, भजीची गाडी वजा. "उरले बेचाळीस सेंटिमीटर. यातून माणूस जात नाही, फक्त तक्रार जाते."

स्कूटर फुटपाथवर चढली की नाना हलत नाहीत. हॉर्न वाजला की सावकाश वळून अत्यंत अदबीनं म्हणतात, "रस्ता चुकलात वाटतं. तो काय, खाली. काळा, लांबुडका."

खरा मोसम मात्र पावसाळा. केबलसाठी खणतात, खालची वाळू न दाबता पेव्हर ब्लॉक नुसते वर मांडून ठेवतात. पाय पडला की ब्लॉक पचकन पिचकारी मारतो, थेट पोटरीपर्यंत. असा 'थुंकरा' ब्लॉक सापडला की नाना त्याभोवती खडूनं गोल काढून तारीख घालतात. रात्री पाऊस सगळं धुऊन नेतो. सकाळी नाना पुन्हा गोल काढतात, पण तारीख जुनीच. "ज्येष्ठता जाता कामा नये." नोकरी सरकारी होती, हे वेगळं सांगायला नको.

2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चांगला फुटपाथ हा कलम 21 खालचा, जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. त्या दिवशी नानांनी आळीभर पेढे वाटले. वाटत गेले ते अर्थात रस्त्याच्या कडेनं. फुटपाथवर गाड्या लागलेल्या होत्या.

2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक टप्पा वाहनांना बंद करून 'पादचारी दिन' साजरा होतो. एका वर्षी मीही गेलो. लोक रस्त्याच्या मधोमध मजेत हिंडत होते, मुलं पळत होती. नाना मात्र कडेच्या फुटपाथवर उकिडवे बसलेले, चष्मा कपाळावर, टेप ताणलेली.

"नाना, आज तरी रस्त्यावर या की!"

"गप्प बस," नाना म्हणाले, "हे टोक धर आधी. वर्षातून एकदाच रिकामा मिळतो."