एफडी लाजू लागली की

शेअर बाजार शिखरावर पोचलाय का, हे ओळखायला जाणकार लोक पीई बघतात, परदेशी संस्थांची विक्री बघतात, चार्टवर रेघोट्या ओढतात. मी लग्नाच्या पंगतीत एफडीवाल्यांकडे बघतो. एरवी हा माणूस ताठ असतो. "आपलं सगळं बँकेत, रात्री शांत झोप लागते," हे कोणी न विचारता ऐकवणारा. तोच जेव्हा आवाज उतरवून "थोडी एफडी आहे... जुनी आहे, मोडायचीच आहे," असं मूळव्याधीविषयी बोलावं तसं बोलू लागतो, तेव्हा समजावं की तेजीने गच्ची गाठली. हावरटांकडे बघून काही कळत नाही, त्यांची हाव बारमाही असते. पण सावध माणसालाही सावधपणाची लाज वाटू लागली, म्हणजे आता खरेदी करायला नवीन उरलं कोण?

2024 च्या पावसाळ्यात ही लाज आमच्या अख्ख्या घराण्यात शिरली. जन्मभर पोस्टाची पायरी न सोडलेल्या काकांनी डिमॅट उघडलं. मेहुण्याने तर सासूबाईंचंही उघडून दिलं, कारण आयपीओत एका पॅनवर एकच अर्ज चालतो. घरात जितके पॅन, तितक्या लॉटऱ्या.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी पाचच्या आत यूपीआयवर मँडेट मंजूर करावं लागतं. साडेचार वाजत आलेले, सासूबाई आडव्या झालेल्या, आणि मेहुणा फोन घेऊन पलंगाशी उभा.

"आई, पिन टाक."

"कसला?"

"आयपीओचा. नवीन कंपनी आहे."

"काय करते?"

मेहुणा जरा चाचरला. मग म्हणाला, "ग्रे मार्केटमध्ये प्रीमियम चांगला आहे."

सासूबाईंनी उशीखालून चष्मा काढला, पिन टाकला आणि कूस बदलता बदलता विचारलं, "लगेच दुसऱ्याच्या गळ्यात मारायचेत ना? मग तो का घेईल?"

दलाल स्ट्रीटवरचा शेअर बाजार 1875 सालचा. या प्रश्नाचं धड उत्तर तिथे अजून कोणी दिलेलं नाही.

त्याच ऑगस्टात दिल्लीच्या एका कंपनीने बाजाराकडे 12 कोटी मागितले. मोटारसायकलींची दोन शोरूम, आठ कर्मचारी. लोकांनी बोली लावली सुमारे 4,800 कोटींची! म्हणजे कर्मचाऱ्यामागे 600 कोटी. आमच्या सोसायटीत वॉचमन ठेवतानाही यापेक्षा जास्त चौकशी होते. सप्टेंबरअखेर सेन्सेक्स 85,900 च्या वर जाऊन आला आणि मग जो घरंगळला, तो पाचेक महिन्यांत दहा हजारांहून जास्त अंकांनी.

तरी माझ्या या विद्येचे क्लास काढण्यात अर्थ नाही. 2021 च्या जानेवारीत सेन्सेक्सने पहिल्यांदा 50,000 ला हात लावला, तेव्हाही पंगतीत एफडीवाले असेच ओशाळलेले होते. ज्यांनी 'आता बास' म्हणून विकलं, ते सप्टेंबरात 60,000 चा आकडा टीव्हीवर बघून चहा गार करत बसले. 2008 ने मात्र इतकी वाट बघायला लावली नाही. रिलायन्स पॉवरच्या आयपीओला सत्तर पटींहून जास्त मागणी आली, शुक्रवारी अर्ज बंद झाले आणि सोमवारी, 21 जानेवारीला, सेन्सेक्स 1,408 अंकांनी आपटला. लक्षण तेच, एकदा आठ महिने उलटून गेले तरी काही झालं नाही, एकदा शनिवार-रविवारच काय तो मधे गेला. यावर कोणी पैसे लावावेत?

मेहुणा लावतोच. "भाऊजी, शिखर आलंय हे मलाही कळतं हो. पण शेवटचे दोन टक्के का सोडायचे?" शिखरावर उभा असलेला प्रत्येक जण हेच म्हणत असतो, म्हणून तर तिथे एवढी गर्दी असते.

सासूबाईंना एवढ्या अर्जांत एकदाच शेअर लागले. लिस्टिंगच्या दिवशी दहा वाजता भाव उघडला तोच मुळी इश्यू प्राइसच्या खाली. मेहुण्याने घसा खाकरला.

"आई, हे आपण लाँग टर्मसाठी ठेवू."

सासूबाई ब्याऐंशीच्या. म्हणाल्या, "कोणाच्या?"