सारस मोजायला आलेला

जून उजाडला की गोंदिया जिल्ह्यात दोन पाहुणे ठरलेले: मृगाचा पाऊस आणि सारस मोजणारा शहरी स्वयंसेवक. पैकी पाऊस एखाद्या साली दगा देतो.

हा स्वयंसेवक पुण्या-मुंबईचा. मुंबईहून गोंदिया रेल्वेने जवळपास हजार किलोमीटर, त्यामुळे गडी परदेशी निघाल्यासारखाच निघतो. पाठीवरच्या पिशवीत कपाळाला बांधायचा दिवा, ओआरएसच्या पुड्या, विषारी सापांचा तक्ता आणि एक शिट्टी. शिट्टी कशाला, हे त्यालाही ठाऊक नसते. घरी मात्र तीनदा बजावून झालेले असते, "तिकडे रेंज नसते हं."

नागपूरला विमानातून उतरून तो रात्रीच टॅक्सी करतो. भंडारा मागे पडेपर्यंत त्याची जीभ सैल असते. साकोलीच्या पुढे महामार्गाच्या एका अंगाला नागझिरा, दुसऱ्या अंगाला नवेगाव; 2013 साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. हे त्याने वाचलेले असते, आणि वाचले नसते तर बरे झाले असते असे त्याला कोहमाऱ्याच्या वळणावर वाटू लागते. तिथून गोरेगावकडे जाताना लागते मुरदोलीचे जंगल. काळोख असा, की काचेत स्वतःचेच तोंड दिसावे, तेही घाबरलेले.

आणि रस्त्याच्या मधोमध एक लाल निखारा.

"थांबवा! वाघ!"

"एकाच डोळ्याचा?" ड्रायव्हर गाडीचा वेग कमी करतो, पण थांबत नाही. "काहून घाबरून राहिले जी? पाखरू आहे ते."

निखारा भुर्रकन उडतो. तो रातवा. मैनेएवढा पक्षी, रात्री रस्त्यावर बसतो आणि दिव्याचा झोत पडला की त्याचा डोळा इंगळासारखा पेटतो. शेकडो किलोमीटरवरून पक्षी मोजायला आलेला माणूस पहिल्याच पक्ष्याला पाहून सीटखाली गेला, ही गोष्ट ड्रायव्हर पुढे वर्षभर पानठेल्यावर सांगतो.

बरे, भीती खोटी म्हणावी तर तसेही नाही. फक्त ती भलत्या बाजूला बसलेली असते. याच मुरदोलीजवळ ऑगस्ट 2023 मध्ये गाडीच्या धडकेने वाघ मेला. हे ऐकल्यावर मात्र आपला पाहुणा गप्प होतो आणि ड्रायव्हरच्या स्पीडोमीटरकडे पाहत राहतो.

परतताना तो महाराष्ट्र एक्सप्रेस धरतो. ही गाडी गोंदियाहून निघून पुण्यावरून कोल्हापूरला जाते आणि कुठल्याही गोष्टीला मोठे व्हायला पुरेसा वेळ देते. नागपूरला डोळे दोन झालेले असतात. भुसावळपर्यंत डरकाळी येते. मनमाडला वाघ बॉनेटवर पंजा ठेवतो. दौंडला सहप्रवासी विचारतो, "मग सारस दिसले का?" तेव्हा तो म्हणतो, "हो, तेपण."

खरे तर मोजणीची ती पहाट सांगण्यासारखी होती. अजून पुरते फटफटलेही नव्हते. गावातल्या एका सारसमित्र शेतकऱ्याच्या स्प्लेंडरवर मागे बसून तो तलावाच्या पाळीवरून निघाला. पाळ दीड हात रुंद, डावीकडे पाणी, उजवीकडे धानाची बांधी, आणि शेतकरी एका हाताने गाडी चालवत दुसऱ्या हाताने तंबाखूचा खर्रा घोटतोय. पाहुण्याने पुढच्या माणसाचा सदरा इतका घट्ट धरला, की एक गुंडी तुटून पाण्यात गेली.

मग धुक्यातून तुतारीसारखी हाक आली. एकाची, लगेच दुसऱ्याची. माणसाएवढे उंच, लाल मानेचे दोन पक्षी बांधीत उभे. महाराष्ट्रात सारस उरले ते मुख्यत्वे याच जिल्ह्यात, आणि अलीकडच्या मोजणीत त्यांचा आकडा तिशीच्या आसपास. थरथरत्या हाताने त्याने मोजणीच्या तक्त्यात '2' लिहिले, ते '3' सारखे दिसू लागले.

शेतकऱ्याने तक्ता हातात घेऊन नीट न्याहाळला.

"दोनच लिवा जी," तो म्हणाला. "हे आमच्या बांधीतले. तिसरा असता तर मले माहीत असता."