दुरुस्ती निघाली, पोचली का?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. 6 एप्रिल 2023 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं तिच्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, लेसर, गुरुत्वीय लहरी या सगळ्यावर बरंच लिहून झालंय. मला अशा वेधशाळेच्या नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर लिहायचंय.

अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथं याच घराण्यातल्या वेधशाळा आहेत. आरसा किती हलला, लेसरची ताकद किती, हे तिथले शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं ‘मेडम’ नावाच्या प्रोग्रामनं काढलेल्या चौकटींत बघत आले. मेडम चालतो लिनक्सवरच्या एक्स विंडो सिस्टीमच्या जोरावर. एक्सचा जन्म 1984चा, एमआयटीतला. आज वापरात असलेली त्याची अकरावी आवृत्ती 1987ची. खिडकी उघडायची, अक्षर उमटवायचं, माउस हलला की बाण हलवायचा, ही कामं लिनक्स आणि बीएसडी प्रणालींवर कित्येक वर्षं त्यानंच केली. ते पडदे आज धोक्यात आहेत असं माझं म्हणणं नाही. एवढ्या मोठ्या विज्ञानाच्या खाली किती जुनं सॉफ्टवेअर असतं आणि ते कुणाला तरी सतत शिवत बसावं लागतं, एवढंच दाखवायचंय.

आता 2018कडे या. ऑक्टोबरच्या 25 तारखेला एक्समधल्या एका बगची जाहीर वाच्यता झाली. क्रमांक सीव्हीई-2018-14665. शोधणाऱ्याचं नाव नरेंद्र शिंदे. हे नाव आपल्या किती वाचकांनी ऐकलंय? कुठल्या चौकात त्याचा फलक लागला? जगभरच्या लिनक्सवाल्यांनी त्या दिवशी ज्याच्यामुळे आपली यंत्रं दुरुस्त केली, तो माणूस आपल्या गप्पांत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बग काय होता ते नीट सांगतो, कारण त्यातच सगळं आहे. एक्सला पूर्वी ग्राफिक्स कार्डाशी थेट बोलावं लागे. त्यासाठी त्याला रूटचे, म्हणजे यंत्राच्या सर्वेसर्वाचे अधिकार लागत. फाइलीच्या परवानग्यांच्या ओळीत जिथं ‘एक्स’ अक्षर असायचं तिथं ‘एस’ टाकलं, की प्रोग्राम कुणीही चालवो, तो फाइलीच्या मालकाच्या, म्हणजे इथं रूटच्या, अधिकारानं चालतो. आता या प्रोग्रामला सुरू करतानाच सांगता येतं, की बाबा, तुझी नोंदवही अमुक फाइलीत लिही. साध्या वापरकर्त्यानं ‘पासवर्डांच्या फाइलीत लिही’ असं सांगितलं तर? हा प्रश्न पूर्वी विचारला गेला होता आणि वाढीव अधिकारानं चालताना ही सोयच बंद ठेवली होती. नोव्हेंबर 2016च्या 1.19 आवृत्तीत कोड नीटनेटका करताना ती तपासणी सैल झाली. कोतवालाला आवक-जावक रजिस्टर लिहायला बसवावं आणि फेरफाराच्या वहीतही लिहायची मुभा द्यावी, तसं झालं. यंत्रावर साधं खातं असलेला कुणीही आता रूट होऊ शकत होता. त्यासाठी लागणारी आज्ञा इतकी छोटी होती, की एका ट्वीटमध्ये मावली.

दुरुस्ती किती मोठी? मोजक्या ओळींची. वाढीव अधिकार असतील तर असले पर्याय नाकारायचे आणि थांबायचं, बस. 1.20.3 आवृत्तीत ती आली. तोवर काय करायचं, तर एक्सच्या फाइलीवरचं ते ‘एस’ काढून टाकायचं. ही एका ओळीची आज्ञा होती. काही यंत्रांवर त्यामुळे एक्स सुरू करण्याची जुनी पद्धत बंद पडे, पण दार तर लागलं!

मोजक्या ओळी होत्या, पण त्या पोचायला काय झालं बघा. डेबियन या लिनक्स प्रणालीनं त्याच दिवशी आपली दुरुस्ती बाहेर काढली. ओपनबीएसडी ही सुरक्षेसाठी नावाजलेली प्रणाली. तिची 6.4 आवृत्ती 18 ऑक्टोबरला, म्हणजे आदल्याच आठवड्यात, हा बग पोटात घेऊन बाहेर पडली होती. एक्सच्या मंडळींना तेव्हा बग माहीत होता. ओपनबीएसडीला वेळेत कळवलं गेलं नाही. त्यांचे प्रमुख थिओ डी राट जाहीरपणे संतापले, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. दुरुस्ती गुपचूप तयार करणं समजू शकतं. पण ज्यांच्या हातून ती लोकांपर्यंत जायची, त्यांनाच अंधारात ठेवायचं, हा कुठला कारभार?

आणि हे प्रकरण एकटं नाही. एक्सच्या फॉन्ट वाचणाऱ्या भागातला एक बग जानेवारी 2014मध्ये उघड झाला. तो 1991पासून तिथंच होता. त्याच वर्षी डिसेंबरात इल्या व्हॅन स्प्रुंडेल या संशोधकानं बगांची मोठी चळतच काढली. त्यांतले काही 1987इतके जुने निघाले. कोड सगळ्यांसाठी उघडा आहे, कुणीही वाचू शकतो, असं लिनक्सवाले अभिमानानं सांगतात. वाचू शकतो हे खरं, पण वाचत कोण होतं? जुना कोड बसून वाचणाऱ्याला पगार देणारं जवळपास कुणी नसतं. नवीन बटण, नवीन रंग, नवीन नाव यांना पैसा मिळतो.

विंडोजवाल्यांनी यातून सुटका मानू नये. 2005च्या शेवटी विंडोजमध्ये सापडलेल्या डब्ल्यूएमएफच्या बगमुळे नुसतं एखादं चित्र बघितलं तरी यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकत होतं. मायक्रोसॉफ्टला ठरलेल्या तारखेची वाट न बघता 5 जानेवारी 2006 रोजी पॅच द्यावा लागला.

आता लायगोच्या जागेवरून निघून तालुक्याच्या गावात या. ऑनलाइन फॉर्म भरून देणारं कुठलंही केंद्र घ्या. पीकविम्याची शेवटची तारीख जवळ आलीय, रांग दाराबाहेर गेलीय, साइट मधूनच अडकतेय. अशा वेळी विंडोजनं ‘अपडेट होत आहे, यंत्र बंद करू नका’ म्हटलं तर चालवणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. मग तो मेकॅनिकला बोलावतो आणि मेकॅनिक अपडेट कायमचं बंद करून जातो. त्या यंत्राच्या डेस्कटॉपवर एक फोल्डर असतो. त्यात अर्ध्या गावाचे आधार, पासबुकाचं पहिलं पान, सातबारा, आठ-अ आणि पासपोर्ट फोटो, सगळे स्कॅन करून ठेवलेले. पुढच्या वेळी परत स्कॅन करायला नको म्हणून!

मी चालवणाऱ्याला दोष देणार नाही. त्याला अर्जामागे पैसे मिळतात, अपडेटसाठी थांबलेल्या तासाचे कुणी देत नाही. दोष यंत्रं पुरवणाऱ्यांचा आणि अशा केंद्रांकडून काम घेणाऱ्यांचा आहे. विंडोज 7चे नेहमीचे मोफत सुरक्षा पॅच 14 जानेवारी 2020 रोजी थांबले. विंडोज 10चा नेहमीचा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. या तारखा कितीतरी आधी जाहीर झालेल्या होत्या. तरीही खरेदीच्या कागदावर रॅम किती, हार्ड डिस्क किती, मॉनिटर किती इंची, एवढंच असतं. या यंत्राला पॅच कधीपर्यंत मिळतील, ते बसवणार कोण आणि त्या वेळेचे पैसे कोण देणार, याचा रकानाच नसतो. रकाना नाही म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून माणूस नाही.

2018मध्ये शिंदे यांनी बग दाखवला, दुसऱ्या कुणी मोजक्या ओळी लिहिल्या, तिसऱ्या कुणी त्या डेबियनमध्ये घातल्या. लिनक्स असो की विंडोज, हे सगळं झाल्यावरही शेवटचं काम एखाद्या कळमनुरीच्या किंवा सेनगावच्या खोलीत, एका बटणावर अडून राहतं. ते बटण दाबणं हे काम आहे, त्याला माणूस लागतो आणि त्या माणसाला मोबदला लागतो, हे मान्य करायला आपण तयार आहोत का?

जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी किंवा ग्रामपंचायतींसाठी संगणकांची पुढची निविदा निघेल, तेव्हा सदस्यांनी तीन रकाने मागावेत: पॅच मिळण्याची शेवटची तारीख, महिन्यातून एकदा ते बसवायला येणाऱ्या माणसाचं मानधन आणि त्या कामासाठी यंत्र बंद ठेवण्याची ठरलेली वेळ. त्या माणसासाठी पुण्या-मुंबईकडे बघायची गरज नाही. संगणक शिकलेली पोरं हिंगोलीत, वसमतला, औंढ्यात कामाच्या शोधात आहेत. त्यांना हे काम द्या आणि महिन्याला त्याचे पैसे वेळेवर द्या.