पाठवू का मॅडमकडे?

“गप्प बसतोस की पाठवू समुपदेशक मॅडमकडे?” या वाक्यात पूर्वी मॅडमच्या जागी मुख्याध्यापक असायचे. एवढी प्रगती झाली.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा खटल्यात बजावलं, की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. किमान एक म्हटलं की आपल्याकडे कमाल एकच. (अमेरिकेतली शालेय समुपदेशकांची संघटना २५० मुलांमागे एक मागते. लाड आहेत.) तर दारावर पाटी लागली. आत गॅदरिंगचे मुकुट, भाले आणि एक खुर्ची. मॅडम कुठे? सातवी ‘ब’वर प्रॉक्सीला.

त्याच निकालात आणखीही काही होतं. गुणांवरून तुकड्या पाडणं शक्यतो टाळा, मुलांचा चारचौघांत पाणउतारा करू नका, झेपणार नाही असं लक्ष्य लादू नका. ते पान बहुधा झेरॉक्समध्ये राहून गेलं.

मॅडमचं खरं काम डोळ्यांना दिसत नाही, ही त्यांची पंचाईत. एका मुलाचं दर सोमवारी दुसऱ्या तासालाच पोट दुखतं. हे ओव्याने भागणारं नाही, एवढं त्यांना कळतं. त्या खोदून विचारत नाहीत. कागद-रंग पुढे सारतात, इकडचं तिकडचं बोलतात, पुढच्या आठवड्यात परत ये म्हणतात. तीन-चार भेटींनंतर हळूच बाहेर येतं: गणिताच्या तासाला मागचे दोघे छळतात, किंवा रविवारी रात्री घरी भांडणं होतात. मग वर्गशिक्षकांशी बोलणं, आई-वडिलांना बोलावणं, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवणं. गोळ्या त्या देत नाहीत. लेक्चरही देत नाहीत. ते शाळेत इतरत्र मुबलक मिळतं.

आणि ऐकलेलं त्या पोटात ठेवतात. हेच कुणाला खपत नाही. वडील फी भरल्याच्या हक्काने विचारतात, “आमच्याबद्दल काय म्हणाला?” स्टाफरूममध्ये चहाबरोबर चौकशी होते, “त्या दहावीतल्या मुलीची काय भानगड आहे हो?” जिवाला धोका दिसला तर मॅडमना बोलावंच लागतं. लैंगिक अत्याचाराची खबर देणं तर पोक्सो कायद्यानेच बंधनकारक आहे. चहाबरोबरच्या भानगडी त्यात बसत नाहीत. त्या सांगत नाहीत म्हणून स्टाफरूमचा निष्कर्ष: बाई जरा शिष्टच आहेत.

सहामाहीनंतर अशा एका मॅडमनी संस्थेला लिहून दिलं, की चाचणी परीक्षेनंतर नोटीस बोर्डावर लागणारी गुणानुक्रमाची यादी बंद करावी. माझ्याकडे येणारी निम्मी मुलं तिथूनच येतात. संचालकांनी गांभीर्याने विचार केला. यादी राहिली, फक्त तळाला एक ओळ वाढली: शेवटच्या १० विद्यार्थ्यांनी मधल्या सुट्टीत समुपदेशकांना भेटावे.