मूळपुरुष

आमच्या सोसायटीत पन्नाशी ओलांडलेले एक बँकवाले गृहस्थ आहेत. सुपरहिरोंचा एकही सिनेमा ते सोडत नाहीत. पोरांनी त्यांचं नाव ‘मूळपुरुष’ ठेवलंय. हे कानावर गेलं तेव्हा ते रागावले वगैरे नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “पहिल्यांदा कोण म्हणालं? आणि कुठल्या प्रसंगी?”

या माणसाला कुठलीही गोष्ट मधूनच सांगता येत नाही, आणि ऐकवत तर मुळीच नाही. लिफ्ट का बंद आहे विचारलं, की ते बिल्डरने ही जमीन कोणाकडून घेतली तिथून सुरू करतात. लिफ्टचा विषय निघेपर्यंत आपण जिन्याने चौथ्या मजल्यावर पोचलेले असतो. सोबत तेही असतात.

सिनेमाच्या बाबतीतही तेच. नायक नायक कसा झाला, ही ‘ओरिजिन स्टोरी’ पडद्यावर आलीच पाहिजे. ती वगळणं म्हणजे त्यांच्या मते मुंज न करताच पोराला बोहल्यावर उभं करणं. २००२ साली सॅम रेमीच्या ‘स्पायडरमॅन’मध्ये टोबी मॅग्वायरला कोळी चावला, बेनकाका गेले, मूळपुरुष रडले. दहाच वर्षांनी, २०१२ला, मार्क वेबने पुन्हा पहिल्यापासून पाढा वाचला. आता कोळी अँड्र्यू गारफिल्डला चावला आणि क्लिफ रॉबर्टसनच्या जागी मार्टिन शीन बेनकाका होऊन गेले. मूळपुरुष पुन्हा रडले. “अहो, तेच काका ना?” मी म्हटलं. “काका वेगळे होते,” ते डोळे पुसत म्हणाले, “सुतक वेगळं लागतं.”

बॅटमॅनच्या आईवडिलांचा खून तर त्यांनी जुनी पोथी अभ्यासावी तसा अभ्यासलाय. २००५च्या नोलानच्या सिनेमात हे कुटुंब ऑपेरातून बाहेर पडतं, २०१६च्या सिनेमात चित्रपटगृहातून. “हा पाठभेद आहे,” ते गंभीरपणे सांगतात. २०१६मध्ये आईची मोत्यांची माळ पिस्तुलात अडकून तुटते, तेव्हा यांचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याशी जातो.

घात झाला २०१७ साली. ‘होमकमिंग’मधला टॉम हॉलंडचा पीटर आधीच कोळीमानव होऊन बसलेला. मूळपुरुष मध्यंतरापर्यंत पॉपकॉर्नला हात न लावता कोळ्याची वाट बघत होते. मित्र पीटरला विचारतो, तो कोळी मलाही चावेल का? पीटर सांगतो, तो मेला. खलास! एवढ्या मोठ्या आख्यानाची ही बोळवण! २०२२चा ‘द बॅटमॅन’ बघून तर ते दरवाजातच कडाडले, “तीन तासांना चार मिनिटं कमी असलेला सिनेमा, आणि आईवडिलांना दोन मिनिटं देता आली नाहीत?”

मी म्हटलं, मुळातच जाऊ. १९६२च्या ऑगस्टच्या कॉमिकच्या अंकात स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी कोळ्याचा चावा, कुस्ती, सोडून दिलेला चोर आणि काकांचा मृत्यू, सगळं ११ पानांत उरकलं. सुपरमॅनचा ग्रह १९३८मध्ये पहिल्याच पानावर नष्ट झाला. बॅटमॅन १९३९च्या मेमध्ये अवतरला; त्याचे आईवडील कसे गेले हे नोव्हेंबरच्या अंकात कळलं, तेही दोन पानांत. तोवर कोणा वाचकाचं काही अडलं नव्हतं. मूळपुरुषांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बरोबर. पण हे अंक निघण्याआधी काय झालं, माहितेय?”

त्यांचा हुकमी एक्का म्हणजे नवी पिढी. तिला कोण सांगणार? शेजारचा दुसरीतला मुलगा बुटाची नाडी बांधत होता. त्याने मान वर न करता सांगितलं, “कोळी चावला, काका मेले, आता तो उडतो.” मूळपुरुष कळवळून म्हणाले, “उडत नाही रे, झोके घेतो!” पण नाडी बांधून होईपर्यंत अख्खी ओरिजिन स्टोरी संपली होती.

नायक अनोळखी असेल तर त्याची जन्मकथा जरूर दाखवावी. २००८च्या ‘आयर्न मॅन’मधून नायक जिथे घडतो ती गुहा काढली तर सिनेमाच उरत नाही. पण त्याच वर्षी हल्कची जन्मकथा नामावली चालू असतानाच उरकली, आणि २०२५मध्ये जेम्स गनने सुपरमॅनची गोष्ट सुरुवातीच्या काही ओळींत आटोपली. कुणी तक्रार केल्याचं मी तरी ऐकलं नाही, एक मूळपुरुष सोडून. तेव्हा निर्मात्यांनी बेनकाकांना आता सुखाने मरू द्यावं. आणि वाचकहो, चित्रपटगृहात मूळपुरुषांच्या शेजारची खुर्ची वाट्याला आलीच, तर मध्यंतरात काहीही बोला, पण “हा कोण?” असं चुकूनही विचारू नका.