झीलकऱ्यांचा बुवा

१९९३ साली सेंट लुईसमध्ये मी जी जुनी गाडी घेतली, तिचा एफएम मेलेला होता आणि एएमवर एकच स्टेशन धड लागायचं. अमेरिकी रेडिओवरचा उजव्या मतांचा बोलघेवडा रश लिंबॉ माझ्या आयुष्यात आला तो असा. राजकारणाचा काही संबंध नाही. दुपारी पार्किंगमध्ये डबा उघडावा, पोळीचा पहिला घास घ्यावा, तोवर हा सांगणार की सामना बरोबरीचा व्हावा म्हणून आपण अर्धा मेंदू पाठीमागे बांधून ठेवलाय. उरलेल्या अर्ध्यावर तो रोज तीन तास बोलायचा.

हल्ली ते जुने कार्यक्रम मी पुन्हा ऐकतो. कोणतं विधेयक, कुठला सिनेटर, काही आठवत नाही. तो ज्यांच्यावर संतापायचा ती माणसं विरून गेली, पण कागदांची खसफस मात्र जशीच्या तशी आहे. मुद्दा जवळ आला की बुवा माइकपाशी मुद्दाम कागद वाजवणार, सुस्कारा सोडणार आणि गप्प बसणार. इतका वेळ गप्प, की मी रेडिओ बिघडला समजून डॅशबोर्डवर थाप मारायचो. गप्प बसण्यात एवढा तयार असलेला बडबड्या मी दुसरा पाहिला नाही.

मुळात हा गाणी लावणारा गडी. मिसिसिपीकाठचं केप जिरार्डो हे गाव. आजोबा वकील, वडील वकील, भाऊ वकील. यानं वर्षभरात कॉलेज सोडलं, टोपणनावांनी रेडिओवर तबकड्या फिरवल्या, नोकऱ्या घालवल्या. वादग्रस्त विषयाच्या दोन्ही बाजू ऐकवा, असं रेडिओवाल्यांवर सरकारी बंधन होतं. ते १९८७ साली सुटलं आणि १ ऑगस्ट १९८८ पासून न्यूयॉर्कहून हा देशभर ऐकू येऊ लागला. नेटवर्कचं नाव ‘एक्सलन्स इन ब्रॉडकास्टिंग’. असं नेटवर्क मुळी नव्हतंच! माइक सोनेरी, आणि अंगची प्रतिभा म्हणे देवाकडून उसनी आणलेली. परतफेडीचा विषय त्यानं कधी काढल्याचं मला आठवत नाही.

बुवा म्हटला की झीलकरी आलेच. सुरुवातीला जो तो फोन करून कार्यक्रमाची स्तुती करण्यातच वेळ घालवी. मग एकानं नुसतं ‘डिट्टो’ म्हटलं, म्हणजे मागच्यानं केली तीच स्तुती माझीही समजा. पुढे त्या श्रोत्यांचं नावच ‘डिट्टोहेड’ पडलं आणि ते त्यांनी अभिमानानं मिरवलं. री ओढणाऱ्याला आपल्याकडे निदान थोडी लाज वाटते.

याच्या विनोदाला मी हसायचो, हे कबूल. पण एड्सनं माणसं मरत होती तेव्हा त्यानं त्या बातम्यांना थट्टेची गाणी लावली होती. त्याचा पस्तावा झाल्याचं नंतर त्यानं सांगितलं; ते कार्यक्रम मात्र आजही घास अडकवतात. आणि देश बुडाल्याची वार्ता सांगता सांगता तो त्याच गळ्यानं, श्वासही न बदलता, स्नॅपलच्या थंड चहावर यायचा. कुठे देश संपला आणि चहा सुरू झाला, कळायचं नाही.

२००१ साली त्याला ऐकू येईनासं झालं. फोनवरच्या माणसाचं बोलणं टाइप होऊन त्याच्यापुढे पडद्यावर येई, ते वाचून तो उत्तर देई. वर्षअखेरीस कानात यंत्र बसलं. मधल्या काळात मला श्रोता म्हणून काडीचा फरक जाणवला नाही. ऐकणं हा त्या कार्यक्रमाचा भाग कधी नव्हताच.

तंबाखूच्या धोक्याला तो हसत आला. २०२० साली त्याला फुप्फुसाचा कर्करोग निघाला. त्याच आठवड्यात ट्रम्प यांनी भर संसदेत पदक देवविलं, आणि पुढच्या फेब्रुवारीत तो गेला.

परवा जेवताना त्याचा एक जुना कार्यक्रम लावला होता. आतून बायकोनं विचारलं, “अहो, कोण एवढं ओरडतंय?”

“कोणी नाही गं,” मी म्हटलं, “जाहिरात चालू आहे.”