सिस्टीम आली, काम वाढलं

यंदा प्रत्येक ऑफिसला एआय हवंय. कशासाठी, ते ठरवायला समिती नेमलीय. ऑर्डर मात्र आधीच गेलीय. मार्चअखेर बजेट संपवायचं असतं ना! मग सादरीकरणात एक स्लाइड येते. डावीकडे ‘व्यवसायाची उद्दिष्टं’, उजवीकडे ‘तंत्रज्ञान’ आणि मधे दोन्हीकडे टोक असलेला बाण. तो बाण कुणाला टोचणार, हे कुणीच विचारत नाही.

2017 साली तो मुंबई विद्यापीठाला टोचला. परीक्षांचा हंगाम ऐन भरात असताना ठरलं, की सगळ्या उत्तरपत्रिका यंदापासून स्क्रीनवर तपासायच्या. हेतू चोख होता : निकाल लवकर, घोळ कमी. सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या आणि प्राध्यापकांनी लॉगिन करून त्या वाचायच्या. आधी एखाद्या लहान विद्याशाखेत करून बघू, म्हणायला सवड कुणाला होती? मग स्कॅनिंग रेंगाळलं, पुरवण्यांची मूळ उत्तरपत्रिकांपासून ताटातूट झाली, लॉगिन होईना. कायदा म्हणतो निकाल 30 दिवसांत, फार तर 45. राज्यपालांनी 31 जुलैची मुदत घातली, तीही उलटली. निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. निकाल झटपट लागावेत म्हणून आणलेल्या यंत्रणेनं पहिला ठोस निकाल लावला तो तिच्या प्रवर्तकाचा.

हे आपल्याकडेच होतं, असं समजून हळहळू नका. जर्मनीच्या ‘लिडल’ या सुपरमार्केट साखळीनं सात वर्षं खपून एसएपी या सॉफ्टवेअर कंपनीची प्रणाली बसवायला घेतली आणि 2018 मध्ये गाशा गुंडाळला. तोवर खर्च झाले सुमारे 50 कोटी युरो, असं तेव्हा छापून आलं. त्यातलं एक कारण मासलेवाईक आहे. लिडल मालाचा हिशेब खरेदीच्या किमतीनं ठेवायची, सॉफ्टवेअर विक्रीच्या. कंपनी सवय सोडेना, म्हणून मग सॉफ्टवेअरच वाकवत बसले. मुंबईत माणसं सॉफ्टवेअरच्या मापात कोंबली, जर्मनीत सॉफ्टवेअर माणसांच्या. माप घ्यायला शिंपी दोन्हीकडे नव्हता.

याउलट 1980च्या दशकातलं रेल्वे आरक्षण बघा. प्रत्येक गाडीचं रजिस्टर वेगळं, खिडकी वेगळी. संगणक आणताना उद्दिष्ट रांगेतल्या शेवटच्या माणसालाही कळेल असं होतं : कुठल्याही खिडकीवर कुठल्याही गाडीचं तिकीट. रांग हटली नाही, दलालही हटला नाही. पण आपली खिडकी शोधत वणवण करणं संपलं.

आता आपल्या ऑफिसात डोकावू. अर्ज ऑनलाइन भरा, प्रिंट काढा, सही-शिक्का घ्या, स्कॅन करा, परत अपलोड करा आणि मूळ प्रत टपालानं पाठवा. याला पेपरलेस म्हणतात. शिवाय हिशेबाच्या टेबलावरच्या मॅडमच्या ड्रॉवरमध्ये एक वही असते. साहेब तिला ‘जुनी मानसिकता’ म्हणतात. एकदा उघडून तरी बघा. ‘ही पार्टी 10 तारखेनंतरच चेक देते.’ ‘घाट बंद असला की माल दोन दिवस उशिरा.’ धंदा चालतो तो या माहितीवर आणि सॉफ्टवेअरमध्ये तिला रकानाच नाही. असणार कुठून? रकाने ठरले त्या बैठकीला मॅडमना बोलावलंच नव्हतं. बोलावलं ते ट्रेनिंगला, तेही सगळं ठरून गेल्यावर. पुढे निम्मा स्टाफ घरून काम करू लागला, तेव्हा वही एक्सेलमध्ये गेली. आता ती ‘फायनल_नवीन_2’ नावानं व्हॉट्सॲपवर फिरते. लाखांचं सॉफ्टवेअर ऑडिटरला दाखवण्यापुरतं.

तेव्हा एआयवाले कोट-टाय घालून आले, की त्यांना चहा पाजा आणि साहेबांना मॅडमसमोर एकच विचारा : हे चालू झालं, की कोणती वही बंद होणार? नाव घेऊन सांगा, तारखेसकट. ‘तूर्त दोन्ही चालू ठेवू’ असं उत्तर आलं, तर यंत्र नको, मॅडमना दोनशे पानी नवी वही घेऊन द्या. स्वस्तात पडेल, आणि सर्व्हर डाऊनही होणार नाही.